भोगीच्या भाजीचं बी दिवाळीआधीच पेरायचं

निफाडचा पारा सात-आठवर आल्याची बातमी पेपरात झळकली की नाशिकमध्ये सगळ्यांना एकदम गच्चीवरची बाग आठवते. रोपवाटिकांत गर्दी होते, बियांच्या पुड्या घरी येतात, आणि जानेवारी सरत आला तरी गाजर करंगळीएवढंच राहतं. कारण सरळ आहे. थंडीच्या भाज्या थंडीत खायच्या असतात, पण त्या वाढतात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उबेत. थंडी त्यांना गोडी आणते, आकार देत नाही. रात्री पारा दहाच्या खाली जायला लागला की वाढ अगदी रेंगाळते. म्हणून हिवाळ्याची बाग ताटापासून मागे मोजायची. काय खायचंय आणि कधी, ते आधी ठरवायचं आणि त्यावरून पेरणीची तारीख काढायची.

मोजायला भोगी सोयीची. संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला, भोगी आदल्या दिवशी. गाजराला 90 ते 100 दिवस लागतात, म्हणजे बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच मातीत गेलं पाहिजे. वाल-पावट्यालाही तेवढेच दिवस धरा. वाटाण्याची 'अर्केल' ही बुटकी, लवकर येणारी जात 60-65 दिवसांत शेंगा देते. थंडीचा एक आठवडा वर धरून ती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकायची. त्याआधी घाई केली तर ऑक्टोबरच्या उन्हात कोवळी रोपं माना टाकतात. मुळा आणि लसणाची पात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मेथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वांगी मात्र खुशाल विकत घ्या. कुंडीतल्या वांग्याला शेंडेअळी लागते आणि चार फळांसाठी चार महिने जागा अडते. एवढ्या कष्टांत गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या काठच्या, बुधवारच्या बाजारातून वर्षभराची वांगी येतील.

पेरणीआधी गच्चीवर एक गोष्ट बघून घ्या, ती म्हणजे सावली. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण 46 अंशांवर असतो. त्यामुळे गच्चीच्या दक्षिणेचा कठडा तीन फुटांचा असेल तर त्याची दुपारची सावलीही जवळजवळ तीन फूट पडते. त्या कठड्याला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांना, पाला कठड्याच्या वर आलेला नसेल तर, महिनाभर ऊन म्हणून मिळत नाही. उन्हाळ्यात हीच जागा चांगली होती, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग मेथी लांबट, पिवळी, आडवी पडलेली येते. लोक खत घालत बसतात. सगळे क्रेट उत्तरेच्या कठड्याजवळ न्या. तिथे दिवसभर ऊन मिळतं, मागची भिंत तापून संध्याकाळी ऊब देते आणि उत्तरेचं गार वारंही अडतं. हलवणं शक्य नसेल तर विटांचे दोन थर देऊन क्रेट उंच करा.

क्रेट म्हणजे टोमॅटो-द्राक्षांच्या बाजारात फिरणारे प्लास्टिकचे जाळीदार क्रेट. साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. आतून जुन्या गोणपाटाचं किंवा हिरव्या शेडनेटचं अस्तर लावलं की माती गळत नाही आणि पाणी निचरून जातं. आपली काळी माती जमिनीत उत्तम, क्रेटमध्ये वाईट. ओली झाली की फुगून बसते, वाळली की कडेने सुटते, आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट गच्चीवर. दोन भाग माती, दोन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस आणि क्रेटमागे एक मूठ निंबोळी पेंड, एवढं पुरतं. तूस घोटी-इगतपुरीकडच्या भातगिरण्यांवर पोत्याने मिळतं. ते आठवडाभर भिजवून घ्या, नाहीतर त्यात राहिलेले दाणे मेथीच्या आधी उगवतात. कोकोपीट हिवाळ्यात कमीच घालावं. ते पाणी धरून ठेवतं आणि थंडीत सततची ओली माती हेच रोपं मरण्याचं पहिलं कारण आहे. शेणखत कुजलंय की नाही ते हातात घेऊन कळतं. वास येत नाही, गार लागतं, आणि काड्या-गवत ओळखू येत नाही. कच्चं घातलं तर गाजराला फाटे फुटतात आणि सोबत मुळं खाणारी हुमणी अळीही येते ती वेगळीच. भरलेला, पाणी दिलेला क्रेट 45-50 किलोंपर्यंत जातो, तेव्हा ते गच्चीच्या मधोमध मांडू नका. भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवा.

आता एकेक बी. मेथी क्रेटमागे दोन चमचे, साधारण 10 ग्रॅम. त्याहून दाट पेरली की आठव्या-दहाव्या दिवशी रोपं बुडाशी बारीक होऊन गटागटाने कोलमडतात. हा मर रोग, बुरशीचा. एकदा लागला की औषधाने उठत नाही, तेवढा भाग उपटून टाकायचा आणि पाणी दोन दिवस बंद. धणे आधी रगडून दोन फाकी करायचे, 12 तास भिजवायचे, अर्धा इंच खोल टाकायचे. कोथिंबीर थंडीत 10 ते 14 दिवस डोकं वर काढत नाही. लोक आठव्या दिवशी बी खराब म्हणून माती उकरतात आणि मोड आलेले धणे मोडून टाकतात. किराणातले धणे वापरणार असाल तर आधी 20 दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा; निम्मेही मोड आले नाहीत तर ते फोडणीला.

लसणाची पात हे या सगळ्यात कमीत कमी कष्टांचं पीक. पाकळ्या त्याच दिवशी सुट्या करायच्या, सोलायच्या नाहीत, टोक वर ठेवून एक इंच खोल, दीड-दीड इंचावर. पाच-सहा आठवड्यांनी बुडापासून दोन इंच ठेवून कापा. दोन-तीन कापण्या मिळतात. ज्याची पात खाल्ली त्याचा गड्डा भरत नाही, हे मात्र आधीच कबूल करायचं. दोन्ही हवं तर दोन क्रेट.

गाजराचं बी मूठभर वाळूत मिसळून ओळीत टाका आणि रोपं बोटभर झाली की दोन-दोन इंचांवर ठेवून बाकीची उपटा. ही विरळणी कुणाला करवत नाही. जीव तुटतो. पण न केल्यास क्रेटभर मुळ्यांचं जंजाळ मिळतं, गाजर एकही नाही. वाटाण्याबद्दल खरं सांगायचं तर हिशोबाने परवडत नाही. एका क्रेटमध्ये जेमतेम एका पुलावाचे दाणे. तरी लावावा, कारण त्याचे कोवळे शेंडे लसणाच्या फोडणीवर दोन मिनिटं परतले की जी भाजी होते ती बाजारात विकत मिळत नाही.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात, ही डिसेंबरातली कायमची तक्रार. रात्री 12-13 अंशांच्या खाली गेल्या की परागकण नीट तयार होत नाहीत, त्यामुळे फळ धरत नाही. खत वाढवून उपयोग नाही, पालाच माजतो. सकाळी दहा-अकराला, ऊन चांगलं आल्यावर, फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि झाड उबेच्या कोपऱ्यात ठेवा. बाकी वाट बघायची.

पाणी सकाळी नऊनंतर. टाकीतलं पहाटेचं बर्फगार पाणी थेट घालू नका, बादलीत भरून तासभर उन्हात ठेवा. हिवाळ्यात क्रेटला रोज पाणी लागतच नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर उद्या बघू. संध्याकाळी पानांवर पाणी मारलं की पानं रात्रभर ओली राहतात आणि डावणी या पानांवरच्या रोगाला आमंत्रण मिळतं, हे द्राक्षबागायतदारांच्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. भुरीचं, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीचं, उलट आहे. तिला ओलं पान लागत नाही, दमट हवा आणि सावलीची दाटी पुरते, म्हणून वाटाण्यावर ती हमखास येते. पहिला पांढरा ठिपका दिसताच 80 टक्क्यांचं पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा. दाणे काढायच्या आधी पुडीवर लिहिलेले दिवस पाळा.

माव्यासाठी नीम तेल लिटरला 5 मिली. थंडीत ते बाटलीतच थिजतं, आणि थिजलेलं तेल पाण्यात टाकलं की गुठळ्या होऊन पंपाच्या नोझलमध्ये बसतात. बाटली आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी करा, तेल भांडी घासायच्या लिक्विडच्या मिलीभरात घोळवा, मग पाणी घाला. फवारणी दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे ऊन उतरलेलं असतं आणि रात्रीआधी पान सुकतं. गंधक आणि नीम तेल यांत मात्र किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. मेथी-कोथिंबिरीवर फवारत बसू नये. पाण्याचा जोराचा फवारा मारा, तेवढ्याने भागलं नाही तर कापून खाऊन टाका.

आणि डिसेंबरात खालची पानं जरा पिवळी दिसली म्हणून शेणखताचा आणखी थर देऊ नका. गार मातीत जिवाणू मंदावतात, घातलेलं खत तसंच पडून राहतं. गांडूळपाणी, म्हणजे गांडूळखतातून झिरपलेलं पाणी, दहापट पाण्यात मिसळून दर दहा दिवसांनी द्या, ते लगेच लागू पडतं.

इथून पुढे स्वयंपाकघर.

थंडीतल्या जेवणाचा पाया बाजरीची भाकरी, आणि भाकरी बिघडते ती बहुतेक वेळा पिठामुळे, हातामुळे नाही. बाजरीत ज्वारीपेक्षा तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं आणि त्याची विरी, म्हणजे थापताना धरून राहण्याचा गुण, जाते. आठवड्याला लागेल तेवढंच, किलो-दीड किलो, दळून आणा. मोठा डबा भरून ठेवण्यात शहाणपण नाही. एका वाटी पिठाच्या दोन भाकरी होतात. पाणी कडकडीत गरम घ्या, आधी चमच्याने कालवा, हाताला सोसवलं की तळव्याच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडा. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो; गरम पाणी आणि हे रगडणं यातूनच तो काढावा लागतो. गोळा एका वेळी एकाच भाकरीचा मळा, मळून ठेवलेला गोळा पाच मिनिटांत चिरतो. थापल्यावर कड फाटत असेल तर पाणी कमी पडलंय. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, लगेच सगळीकडे पाण्याचा हात, आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा. पूर्ण सुकू दिलं की वरचा पापुद्रा तडकतो आणि वाफ तिथून निघून जाते. मग ती भाकरी फुगत नाही, कितीही दाबा. भोगीच्या भाकरीला तीळ थापत असतानाच वरून पेरा आणि शेवटचे चार हात त्यांच्यावरून द्या. नंतर भुरभुरलेले तीळ तव्यातच गळतात.

लसणाच्या पातीचा पहिला कापा आला की ठेचा. एक जुडी पात, चार-पाच हिरव्या मिरच्या तेलाच्या थेंबावर डाग पडेपर्यंत भाजलेल्या, तीन चमचे भाजलेले दाणे, अर्धा चमचा जिरं, मीठ. खलबत्त्यात. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याची हिरवी पेस्ट होते आणि पातीचा तो करकरीत तिखटपणा जातो. पात कच्चीच ठेवायची, भाजायची नाही.

कडाक्याच्या रात्री एकाच भांड्यात जेवण हवं तर हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, शेंगोळे. चार माणसांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, पाव वाटी कणीक, आठ-दहा लसूण पाकळ्या, पाच मिरच्या, एक चमचा जिरं वाटून, हळद, चिमूटभर ओवा, मीठ. कणीक बांधण्यापुरतीच, जास्त झाली की शेंगोळे वातड होतात. पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा. तेलाचा हात लावून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या करा आणि टोकं जोडून कडी बनवा. पातेल्यात भरपूर लसणाची फोडणी, त्यात सहा वाट्या पाणी, मीठ, तिखट. पाणी खळाखळा उकळत असतानाच शेंगोळे एकेक करून सोडा आणि पहिली पाच मिनिटं डाव अजिबात घालू नका. विरघळून लापशी होते ती तीन कारणांनी: पीठ सैल, पाणी कोमट, किंवा घाईने ढवळलेलं. पाच मिनिटांनी वरचा थर शिजून घट्ट होतो, मग हलवायला हरकत नाही. मंद आचेवर 20-25 मिनिटं. एक मोडून बघा; मधोमध फिकट, कोरडा ठिपका दिसत असेल तर आणखी पाच मिनिटं. रस पातळ वाटला तर चमचाभर हुलग्याचं पीठ गार पाण्यात कालवून लावा. वरून कच्चं तेल किंवा तूप, आणि गच्चीवरची कोथिंबीर मूठभर.

भोगीची भाजी सगळं एकदम टाकून केली की गाजर कच्चं आणि वांग्याचा लगदा होतो. क्रम महत्त्वाचा. रात्रभर भिजवलेले अर्धी वाटी शेंगदाणे आणि एक वाटी पावट्याचे दाणे आधी, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीवर, अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकणाखाली दहा मिनिटं. मग दोन गाजरांचे जाड तुकडे आणि वाटीभर वालपापडी, पाच मिनिटं. मग चार छोटी वांगी, अर्धी वाटी मटार, अर्धी वाटी हरभऱ्याचे सोले आणि आणखी वाटीभर गरम पाणी, सात-आठ मिनिटं. दोन चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट, मीठ, आणि तीन मोठे चमचे तीळ नि दोन मोठे चमचे सुकं खोबरं भाजून केलेलं कूट. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा, रंग गडद झाला म्हणजे कडू झाले. मिक्सरही थांबून थांबून फिरवा, सलग फिरवल्यास तेल सुटून गोळा होतो. दाणे बोटाने चेपले जाईपर्यंत चिंच-गूळ घालायचा नाही, कारण आंबटात दाणे मऊ होत नाहीत. मग चमचाभर चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, सहा-सात बोरं आणि हौस असेल तर उसाचे चार तुकडे, तीन-चार मिनिटं. बोरं फुटू देऊ नका.

इतकं करूनही पावटा-हरभरा कडकच राहत असेल तर दोष पाण्याचा असू शकतो. बोअरच्या जड पाण्यात दाणे लवकर शिजत नाहीत, त्यातल्या क्षारांमुळे साल घट्ट राहते. शिजवायला आणि भिजवायला नळाचं, गंगापूर धरणाचं पाणी वापरा. सोडा टाकून चव घालवण्यापेक्षा हे बरं.

मिसळीची मटकीही थंडीत रुसते. एरवी रात्रीत येणारे मोड दोन दिवस घेतात. कोमट पाण्यात दहा तास भिजवा, निथळून फडक्यात सैल बांधा आणि गरम पाण्याने विसळून पुसलेल्या हॉटपॉटमध्ये झाकून ठेवा. घट्ट बांधली की मधली मटकी चिकट होऊन वास मारते. दह्याचंही तेच तंत्र, फक्त दूध बोटाला चांगलं ऊन लागेल असं घ्या, अर्ध्या लिटरला भरलेला एक चमचा विरजण, आणि सकाळपर्यंत भांडं हलवायचं नाही.

संक्रांतीनंतर क्रेट एकेक करून मोकळे व्हायला लागतात. वाटाण्याचे वेल उपटू नका, मातीलगत कापा. मुळांवरच्या गाठी मातीतच कुजू द्या, पुढच्या पिकाला नत्र मिळतं. कोथिंबीर फुलावर गेली असेल तर एक क्रेट तसाच राखा, धणे तपकिरी झाले की कापून सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा, पुढच्या ऑक्टोबरला बी घरचंच होईल. बाकीच्या क्रेटमध्ये दोन मुठी गांडूळखत मिसळून फेब्रुवारीच्या मध्यात गवार आणि भेंडी लावा.